थांबायचं तर तारीख ठरवून

पत्र :
मी ४६ वर्षांची शिक्षिका आहे. सात आठवड्यांपूर्वी खाली वाकून पुस्तकांचा गठ्ठा उचलताना कंबरेत चमक भरली. दोन दिवसांनी कळ डाव्या नितंबातून मांडीच्या मागून पोटरीपर्यंत उतरली. पावलाच्या करंगळीकडच्या कडेला मुंग्या येतात. खोकलं, शिंकलं की पायात वीज जाते. एमआरआयमध्ये ‘एल-५ एस-१ ला गादी डावीकडे बाहेर आली आहे, एस-१ नसेवर दाब’ आणि शिवाय ‘एल-४ एल-५ ला बल्ज, झीज’ असं आलंय. सर्जन म्हणतात, ऑपरेशन करून मोकळ्या व्हा. फिजिओथेरपिस्ट म्हणतात, घाई नको, व्यायामाने बरं होईल. पहिल्या दोन-तीन आठवड्यांपेक्षा आता थोडं बरं आहे, पण वीस मिनिटांच्या वर उभं राहवत नाही आणि रात्री दोनदा तरी जाग येते. माझ्या जाऊबाईंच्या भावाचं मणक्याचं ऑपरेशन झालं, त्यांची कंबर अजून दुखते, म्हणून घरात सगळे ऑपरेशनच्या विरोधात आहेत. दोघंही डॉक्टर चांगले आहेत. मी कुणाचं ऐकू?

ताई,

कुणाचं ऐकायचं ते नंतर बघू. आधी तुमच्या पत्रात नसलेलं एक विचारते, आणि उत्तर ‘हो’ असेल तर पुढचं वाचत बसू नका. लघवी लागल्याचं कळेनासं झालंय का? ती अडते किंवा नकळत होते का? शौचावरचा ताबा सुटल्यासारखा वाटतो का? दोन मांड्यांच्या मधला भाग, घोड्यावर बसलं तर खोगिराला टेकेल तो, धुताना-पुसताना बधिर लागतो का? कळ आता दोन्ही पायांत उतरते का? कंबरेच्या खालच्या मणक्यांत नसांचा एक जुडगा असतो. गादीचा मोठा भाग त्या सगळ्या जुडग्यावर दाबला गेला की ही लक्षणं येतात. तेव्हा फिजिओथेरपी की ऑपरेशन हा प्रश्नच उरत नाही. त्याच दिवशी, रात्र झाली असली तरी, रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जायचं असतं, कारण उशीर झाला तर मूत्राशयाचं नुकसान कायमचं राहू शकतं. असं फार थोड्यांना होतं. पण लघवीबद्दल कसं बोलायचं या संकोचात दोन-दोन दिवस घालवलेली माणसं मी पाहिली आहेत, म्हणून प्रत्येकाला आधी हेच विचारते.

मग ताकद. भिंतीला हात टेकून उजव्या पायावर उभ्या राहा आणि टाच उचलून चवड्यावर या, पुन्हा खाली. असं दहा वेळा. मग तेच डाव्या पायावर. एस-१ ही नस पोटरीच्या स्नायूंना चालवते, त्यामुळे उजवीकडे दहा आणि डावीकडे चारच होत असतील तर तिच्यावर किती ताण आहे ते तिथेच कळतं. दुखतं म्हणून थांबावं लागणं वेगळं आणि दुखत नसतानाही टाच उचललीच न जाणं वेगळं, एवढा फरक मात्र लक्षात ठेवा. त्यानंतर टाचांवर चार पावलं चालून बघा, त्यात वरच्या, म्हणजे एल-५ नसेची परीक्षा होते. जे आकडे येतील ते तारखेसकट लिहून ठेवा. ताकद घटत चालली किंवा चालताना पाऊल लोंबून जमिनीला घासू लागलं, तर पुढच्या ठरलेल्या भेटीची वाट न बघता दोन दिवसांच्या आत सर्जनना गाठा.

हे सगळं ठीक असेल तर तुमच्या हाताशी विचार करायला वेळ आहे.

मी स्वतः फिजिओथेरपिस्ट आहे. माझा ओढा कुठे असणार हे तुम्हाला माहीत असावं, म्हणून सांगितलं. त्यामुळेच ऑपरेशनची बाजू मी जास्त जपून मांडणार आहे.

तुमच्या रिपोर्टमधल्या दोन ओळी मला अगदी वेगवेगळ्या वाटतात. ‘एल-४ एल-५ ला बल्ज, झीज’, म्हणजे कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी फुगली, झिजली आहे, ही ओळ मनातून खोडून टाका. १९९४ साली अमेरिकेत कंबर अजिबात न दुखणाऱ्या ९८ जणांचे एमआरआय काढले होते, त्यांतल्या ५२ टक्के लोकांची कुठली ना कुठली गादी फुगलेली निघाली. पुढे २०१५ साली अशा न दुखणाऱ्या तीन हजारांहून अधिक लोकांच्या तपासण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा विशीतल्या ३७ टक्के लोकांत गादीची झीज दिसली आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के लोकांत. केस पिकावेत तसं हे. रिपोर्टच्या कागदावर मात्र ते आजारासारखं छापून येतं, आणि ‘माझा मणका झिजलाय’ हे वाक्य मनात घेऊन माणूस वाकायला, चालायला, मूल उचलायला घाबरू लागतो. या एका शब्दाने केलेलं नुकसान मी रोज बघते.

दुसरी ओळ खरी आहे. एस-१ नसेचा रस्ता नितंब, मांडीची मागची बाजू, पोटरी आणि पावलाची करंगळीकडची कड असाच जातो, आणि तुम्ही पत्रात नेमका तोच रस्ता लिहिला आहे. फिल्म आणि पाय एकच सांगतात. हे महत्त्वाचं आहे, कारण ऑपरेशनचा गुण येतो तो असं जुळतं तेव्हाच. हे जुळत नसतानाही फिल्मकडे बघून ऑपरेशन ठरतं तेव्हा मला काळजी वाटते. तुमच्या सर्जननी तसं केलेलं दिसत नाही, त्यांच्या सल्ल्याला आधार आहे.

आता ‘गादी बाहेर आली’ म्हणजे काय. दोन मणक्यांच्या मधली गादी दोन्हीकडे घट्ट चिकटलेली असते, ती सरकत वगैरे नाही. तिच्या बाहेरच्या चिवट कड्यांना भेग पडते आणि आतला मऊ गर त्या भेगेतून मागे येतो. तो नसेला टेकतो, शिवाय तिथे दाह होतो, नस सुजते. सुरुवातीची असह्य कळ बरीचशी या दाहाची असते. शरीर मात्र या बाहेर पडलेल्या गराला परका समजतं. तिथे रक्तवाहिन्या पोचतात, पेशी येतात आणि महिन्या-महिन्याने तो तुकडा आक्रसत जातो. ऐकायला उलटं वाटेल, पण नुसत्या फुगलेल्या गादीपेक्षा फुटून बाहेर पडलेला तुकडा विरघळण्याची शक्यता जास्त असते. पहिल्या तीन आठवड्यांपेक्षा आता बरं आहे असं तुम्ही लिहिलंत, ती बहुधा याचीच सुरुवात. आम्ही फिजिओथेरपिस्ट तो तुकडा आत ढकलत नाही. कुणी तसं सांगितलं तर विश्वास ठेवू नका. शरीर हे काम करत असतं तोवर तुमची हालचाल, ताकद आणि धीर टिकवणं हे आमचं काम.

जाऊबाईंच्या भावाचं काय झालं ते मला माहीत नाही, पण घरात त्यांचा दाखला निघतो तेव्हा दोन प्रश्न विचारा. त्यांचा पाय दुखत होता की कंबर? आणि त्यांचं ऑपरेशन नेमकं कोणतं झालं? सगळा गोंधळ इथे होतो. १९३४ साली मिक्स्टर आणि बार या दोन अमेरिकी डॉक्टरांनी फुटलेल्या गादीमुळे नस दबते आणि तो तुकडा काढला की पाय मोकळा होतो हे दाखवलं, तेव्हापासून या ऑपरेशनचा खरा उपयोग पायातल्या कळेसाठी आहे. नुसत्या कंबरदुखीसाठी मणके स्क्रू घालून जोडण्याचं ऑपरेशन ही पूर्णपणे वेगळी गोष्ट. त्या ऑपरेशनची तुलना नॉर्वेत आणि ब्रिटनमध्ये नेटाने करून घेतलेल्या व्यायामाशी आणि समुपदेशनाशी केली गेली, तेव्हा त्याचा ठोस जादा फायदा दिसला नाही. ब्रिटनच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचना तर साध्या कंबरदुखीसाठी मणके जोडू नका असंच सांगतात. तुम्हाला सुचवलेलं ऑपरेशन हे नसेल, पण सर्जनना स्पष्ट विचारून घ्या : फक्त बाहेर आलेला तुकडा काढणार की मणके जोडणार? तुमच्या पत्रात जे आहे त्यात मणके जोडायचं कारण मला तरी दिसत नाही. कुणी ते सुचवलं तर दुसऱ्या सर्जनचं मत घ्या.

तुकडा काढायचं ऑपरेशन लहान असतं. भूल देऊन पाठीवर छोटासा छेद घेतात, सूक्ष्मदर्शकातून बघत नसेवरचा तुकडा काढतात. बहुतेक रुग्ण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी चालतात. ‘मणक्याला हात लावला की माणूस अंथरुणाला खिळतो’ हे या ऑपरेशनबद्दल खरं नाही, आणि त्या भीतीपोटी ते टाळू नका. धोके आहेत : जंतुसंसर्ग, नसेभोवतीच्या आवरणाला चीर जाणं, क्वचित नसेला इजा. आणि जे लोकांना सांगितलंच जात नाही ते म्हणजे शंभरातल्या साधारण पाच ते पंधरा जणांची तीच गादी पुढे पुन्हा बाहेर येते. व्यायाम ऑपरेशननंतरही चुकत नाहीत.

मग आता करावं की थांबावं? तुमच्यासारख्याच लोकांवर नेदरलँड्समध्ये एक अभ्यास झाला, २००७ साली प्रसिद्ध झाला. सहा ते बारा आठवडे पायात तीव्र कळ असलेले २८३ रुग्ण. म्हणजे तुम्ही आज जिथे उभ्या आहात तिथेच उभे असलेले. चिठ्ठ्या टाकल्यासारखं करून निम्म्यांना लवकर ऑपरेशन दिलं, निम्म्यांना थांबवून औषधं आणि गरजेप्रमाणे फिजिओथेरपी दिली. वर्षाअखेर दोन्हीकडे ९५ टक्के लोक बरे झाल्याचं सांगत होते. फरक पडला वेगात. ऑपरेशनवाल्या गटातले निम्मे लोक चार आठवड्यांत बरे झाले, थांबलेल्या गटातल्या निम्म्यांना बारा आठवडे लागले. आणि थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना पुढे कधी तरी ऑपरेशन करून घ्यावंच लागलं, सरासरी एकोणिसाव्या आठवड्याच्या आसपास.

हे आकडे मी माझ्या रुग्णांसमोर असे ठेवते : पाच जण थांबले तर तिघं ऑपरेशनशिवाय निभावतात, दोघांना जमत नाही. त्या दोघांत आपण आहोत का हे सातव्या आठवड्यात कुणालाच सांगता येत नाही, मलाही नाही आणि तुमच्या सर्जननाही नाही. सर्जन तुम्हाला लवकर सुटका देऊ पाहतात, फिजिओथेरपिस्ट तुम्हाला न लागणाऱ्या ऑपरेशनपासून वाचवू पाहतात. दोघं आपापल्या जागी बरोबर आहेत. ‘दोघांपैकी खोटं कोण’ म्हणून रात्रीची झोप घालवू नका, आधीच ती कमी मिळते आहे.

पण वर्षाअखेर सगळं सारखंच होतं, मग थांबत राहू, असा अर्थ कुणी काढला तर तो चुकेल. कॅनडात चार ते बारा महिने कळ सोसलेल्या १२८ रुग्णांचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनंतर शून्य ते दहाच्या मापावर ऑपरेशन झालेल्यांची पायातली कळ सरासरी २.८ वर आली होती, न झालेल्यांची ५.२ वर अडकली होती. म्हणजे सुरुवातीचे आठवडे थांबण्याच्या बाजूचे, पण चार-पाच महिने उलटूनही कळ हटत नसेल तर ऑपरेशनचं पारडं जड होतं.

हे मला अभ्यासातून नंतर कळलं. त्याआधी एका रुग्णाच्या पायातून कळलं. बरीच वर्षं झाली. एक गृहस्थ माझ्याकडे नेमाने यायचे, कष्टाने व्यायाम करायचे. दर आठवड्याला विचारलं की म्हणायचे, “थोडं बरं आहे.” मला तेच ऐकायचं होतं. ऑपरेशनशिवाय बरं करून दाखवायचं माझ्या मनाने घेतलं होतं. पहिल्या दिवशी मी त्यांची ताकद तपासून लिहिली होती, पण त्यानंतर पुन्हा नीट मोजली नाही. पाचव्या महिन्यात त्यांना जिना चढताना बघितलं, डावी टाच उचललीच जात नव्हती. पोटरी दुसऱ्या पायापेक्षा बारीक झाली होती. मी त्याच दिवशी त्यांना सर्जनकडे पाठवलं. ऑपरेशनने कळ गेली, ताकद पूर्ण परत आली नाही. आधी पाठवलं असतं तर आली असती का, हे मला ठामपणे म्हणता येत नाही. पण मी मोजलं नव्हतं, ही चूक माझीच. तेव्हापासून माझ्याकडे थांबणाऱ्या प्रत्येक रुग्णाच्या कागदावर एक तारीख असते.

तुमच्यासाठी मी ती तारीख आजपासून पाच आठवड्यांनी धरेन, म्हणजे दुखणं सुरू झाल्यापासून बारा आठवडे. तुम्ही सुधारता आहात, ताकद शाबूत असेल, तर हे पाच आठवडे मनापासून फिजिओथेरपीला द्या. सर्जननाही तसं कळवा आणि त्या तारखेची भेट आत्ताच घेऊन ठेवा. भेट हाताशी असली की व्यायाम करताना मनही शांत राहतं.

या पाच आठवड्यांत एका वहीत रोज तीन गोष्टी लिहा : कळ पायात कुठवर पोचते, न थांबता किती मिनिटं चालता येतं, आणि रात्री किती वेळा जाग येते. आठवड्यातून एकदा टाच उचलण्याचा आकडा. यांतली पहिली नोंद सगळ्यांत बोलकी. कळ पोटरीतून मांडीत, मांडीतून नितंबात अशी वर वर सरकत कंबरेशी गोळा होऊ लागली तर ते चांगलं लक्षण आहे, मग भले कंबर चार दिवस जास्त दुखो. उलट, कंबर हलकी झाली पण कळ पावलापर्यंत उतरली तर चाललेला व्यायाम चुकतोय. पालथं झोपून कोपरांवर छाती उचलण्याने काहींची कळ वर सरकते, काहींची वाढते, म्हणून छापील व्यायामांचा कागद घेऊन घरी करू नका. कोणत्या हालचालीने तुमची कळ वर जाते हे फिजिओथेरपिस्टने तुम्हाला समोर ठेवून शोधायला हवं.

आणि फिजिओथेरपी म्हणजे काय मिळतंय ते बघा. रोज जाऊन वीस मिनिटं शेक, वीस मिनिटं मशीनच्या पट्ट्या, कंबरेला वजन लावून ताण, आणि घरी, एवढंच होत असेल तर ती फिजिओथेरपी झाली असं मी मानत नाही. शेकाने बरं वाटतं, घ्यावा, पण त्याच्या जोरावर ‘फिजिओथेरपी करून पाहिली, गुण आला नाही’ असं म्हणून ऑपरेशनला जाणारे लोक बघून वाईट वाटतं. त्यांना ती मिळालेलीच नसते. तुम्हाला घरी करायला दोन-तीन नेमके व्यायाम, चालण्याचं वाढतं वेळापत्रक, आणि दर आठवड्याला पुन्हा तपासणी मिळायला हवी. ती मिळत नसेल तर मागून घ्या, मिळालीच नाही तर फिजिओथेरपिस्ट बदला.

अंथरुणात पडून राहू नका. दिवसातून तीन-चार वेळा दहा मिनिटं चालणं एका दमात चाळीस मिनिटं चालण्यापेक्षा बरं. वर्गात एका जागी उभं राहणं हे बहुतेकांना चालण्यापेक्षा जड जातं, तेव्हा बसणं-उभं राहणं आलटून पालटून करता येईल असं शाळेत बोलून बघा. कुशीवर झोपून दोन गुडघ्यांत उशी घेतली तर रात्रीची जाग एखाद वेळ तरी कमी होईल. कंबरेचा पट्टा प्रवासापुरता, दिवसभर नको. नसेच्या दुखण्याची गोळी म्हणून प्रीगॅबालिन दिलं असेल तर डॉक्टरांशी पुन्हा बोला. २०१७ च्या एका नीट केलेल्या अभ्यासात सायटिकाच्या, म्हणजे अशीच पायात कळ उतरणाऱ्या, रुग्णांना त्याचा औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा जास्त उपयोग झाला नाही, चक्कर मात्र जास्त आली. ते स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका. मणक्यातल्या इंजेक्शनने काही आठवडे कळ कमी होऊ शकते. झोप आणि व्यायाम दोन्ही अशक्य झालं असेल तर ते विचारण्यासारखं आहे.

एक राहिलं. पाच आठवडे थांबणं तुम्हाला झेपणार नसेल, झोप पूर्ण उडाली असेल, नोकरी धोक्यात येत असेल, तर आत्ता ऑपरेशन निवडायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. त्या नेदरलँड्सच्या अभ्यासातल्या लोकांना लवकर सुटका मिळाली ती खरीच होती, आणि दोनेक महिन्यांची कळ वाचणं ही लहान गोष्ट नाही. ज्या बाईचा पाय जळतोय तिने कळ किती सोसायची हे घरातल्या बाकीच्यांनी ठरवू नये. त्यांना हे पत्र वाचायला द्या.

आज संध्याकाळी टाच उचलून बघा, आणि डाव्या-उजव्या पायाचे आकडे मला कळवा.